गणेशखिंड, खोडद आणि युनिक्सच्या नाना तऱ्हा

आमच्या बजाजनगरात यंत्रांवर लक्ष ठेवण्याचा विषय समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, पाठोपाठ एमआयडीसीत कारखान्यांची रांग लागली आणि ही वसाहत वाढली. घराघरात कुणी ना कुणी शिफ्टला जाणारं आहे आणि अँडनचा दिवा त्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. स्टेशन सुरळीत असेल तर हिरवा, ऑपरेटरला मदत हवी असेल तर पिवळा, लाइन थांबली की लाल. सुपरवायझरला प्रत्येकाजवळ जाऊन ‘काय रे, ठीक ना?’ असं विचारत फिरावं लागत नाही. मान वर केली की कळतं.

संगणकांवर असा दिवा बसवायला मात्र जगाला वीस-पंचवीस वर्षं झगडावं लागलं. एकाच कंपनीच्या यंत्रांपुरतं ते सोपं होतं. पण संस्थेत चार कंपन्यांची यंत्रं आली की प्रत्येकाची बोली वेगळी. सगळी स्वतःला ‘युनिक्स’च म्हणवत, आणि ‘तुझ्यावर आत्ता किती भार आहे?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक यंत्र वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात ठेवत असे. ती कुलपं उघडणारी मोफत सॉफ्टवेअर्स कुणी लिहिली, एका यंत्रावरून दुसऱ्यावर कशी नेली, आणि महाराष्ट्रातल्या दोन संस्थांचा या खटाटोपाशी कसा संबंध आला, याची ही हकिगत. पहिली संस्था पुण्याच्या गणेशखिंडीतली, महासंगणक बनवणारी सीडॅक. दुसरी नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण. वाळूजहून नगर, तिथून कल्याण रस्त्याने आळेफाटा, आणि मग पुण्याच्या दिशेला वळलं की नारायणगाव, असा आमच्याकडून खोडदचा रस्ता.

युनिक्सचा जन्म १९६९चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. मक्तेदारीच्या खटल्यातल्या तडजोडीमुळे तिला संगणकाचा धंदा करायला मनाई होती, म्हणून तिने युनिक्स विद्यापीठांना मूळ कोडसकट, नाममात्र दरात दिलं. बर्कली विद्यापीठाच्या पोरांनी त्यात इतकी भर घातली की बीएसडी नावाचं वेगळं घराणंच उभं राहिलं. १९८४ साली टेलिफोन कंपनीचे तुकडे झाले, मनाई उठली आणि युनिक्स विकाऊ झालं. सनचं सनओएस, पुढे सोलारिस, एचपीचं एचपी-यूएक्स, आयबीएमचं एआयएक्स, सिलिकॉन ग्राफिक्सचं आयरिक्स, साध्या पीसीवर चालणारं एससीओ. आडनाव एक, पण भावकीत बोलणं नाही.

योगायोग असा की त्याच १९८४ साली मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. बँकांनी घ्यायच्या यंत्रांसाठी युनिक्सचा आग्रह धरला गेला आणि देशी संगणक कंपन्या झाडून युनिक्सच्या मागे लागल्या. अमेरिकेत प्रयोगशाळांत रुजलेली ही प्रणाली आपल्याकडे बँकेच्या लेजरमधून आली, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. पुढच्या पिढीत आपल्याकडून परदेशी गेलेल्या प्रोग्रॅमरांच्या हाताला युनिक्सचं जे वळण होतं, त्याचं एक मूळ या अहवालात सापडतं.

भावकीतली भांडणं मिटवायला १९८८ साली पॉझिक्स हे मानक आलं. फाइल कशी उघडायची, नवी प्रोसेस कशी सुरू करायची, हे सगळ्यांनी एकसारखं ठरवलं. पण कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, पोटातले आकडे बाहेर कसे काढायचे, म्हणजे सीपीयू किती व्यग्र आहे, मेमरी किती उरली आहे, डिस्कवर किती रांग लागली आहे, यावर मानकाने मौन पाळलं. त्यामुळे हिशेबाचा प्रोग्रॅम या युनिक्सवरून त्या युनिक्सवर नेणं दिवसेंदिवस सोपं होत गेलं आणि देखरेखीचा प्रोग्रॅम नेणं होतं तितकंच अवघड राहिलं. पुढचा सगळा इतिहास या एका मौनातून निघाला आहे.

त्यातलं पहिलं मोठं नाव ‘टॉप’. १९८४ साली राइस विद्यापीठात विल्यम लफेव्हर याने ते लिहिलं. व्हीएमएस या डेक कंपनीच्या प्रणालीत सर्वांत जास्त सीपीयू खाणाऱ्या प्रोसेस दाखवायची सोय होती. तशी युनिक्सवर असावी, एवढीच त्याची इच्छा. पडद्यावर वर चार ओळींचा गोषवारा, खाली प्रोसेसची यादी, सर्वांत खादाड सगळ्यात वर, आणि दर काही सेकंदांनी ताजी. आज ज्याने लिनक्सचा सर्व्हर पाहिला आहे त्याने टॉप पाहिलंच आहे, मग तो त्याच नावाचा दुसरा अवतार का असेना.

हे आकडे मिळवण्याची त्या काळची रीत चोरवाटेची होती. आधी कर्नलच्या फाइलमधली नावांची यादी चाळायची आणि हवा तो तक्ता मेमरीत कोणत्या पत्त्यावर आहे ते शोधायचं. मग ‘/डेव्ह/केमेम’ ही खास फाइल उघडायची, जिच्यातून कर्नलची सगळी मेमरी वाचता येते, त्या पत्त्यापर्यंत सरकायचं आणि तिथले बाइट उचलायचे. ही फाइल सर्वांना वाचू देणं म्हणजे इतरांचे पासवर्डसुद्धा उघडे करणं, म्हणून टॉपला वेगळ्या गटाची विशेष परवानगी देऊन बसवावं लागे. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर लोक ती परवानगी देताना दोनदा विचार करत.

बरं, बाइट हाती लागले तरी त्यांचा अर्थ? यंत्रावरचा सरासरी भार घ्या. डेकच्या व्हॅक्स यंत्रांवरच्या बीएसडीमध्ये तो सरळ दशांश संख्येत असे. सनच्या यंत्रांवर तोच आकडा २५६ने गुणून पूर्णांकात ठेवलेला. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या पडद्यावर दीडऐवजी ३८४ उमटणार आणि तो घाबरून यंत्र बंद करायला धावणार. लफेव्हरने यावर तोड काढली ती अशी, की पडदा, यादी, क्रमवारी हा सगळा सामाईक भाग एकीकडे ठेवला आणि यंत्रागणिक बदलणारा मजकूर एकाच फाइलीत कोंडला. ज्याच्याकडे जे यंत्र, त्याने त्या यंत्राची फाइल लिहायची. वर्षानुवर्षं अशा फाइली जगभरातून येत राहिल्या, लिहिणाऱ्याच्या नावासह. ‘ओपन सोर्स’ हा शब्दच १९९८ साली रुजला. हा व्यवहार त्याआधी चौदा वर्षं चालू होता.

युनिक्सचे कारखानदार पुढे सुधारले, पण आपापल्या वाटेने. सोलारिसने ‘केस्टॅट’ नावाचं दार दिलं, एचपीने ‘पीस्टॅट’, आयबीएमने उशिरा का होईना ‘पर्फस्टॅट’. फ्रीबीएसडीत ‘सिसकंट्रोल’. लिनक्सने सगळ्यांत भाबडी रीत काढली: ‘/प्रॉक’ नावाच्या डिरेक्टरीत आकडे साध्या अक्षरांत लिहून ठेवले, कुणीही यावं आणि वाचावं. पाच दारं, पाच किल्ल्या. शिवाय एक सूक्ष्म खोच राहिलीच. बहुतेक युनिक्स ‘भार’ मोजताना सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेस मोजतात. लिनक्स १९९३पासून डिस्कची वाट पाहत अडकून बसलेल्यांनाही त्यात धरतं. सोलारिसवरचा भार ८ आणि लिनक्सवरचा भार ८ एकाच तक्त्यात शेजारी छापले तरी ते एक नव्हेत. मोकळ्या मेमरीचंही तेच. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या साठवणीला वापरून टाकतं, त्यामुळे नवख्याला सर्व्हर कायम तुडुंब भरलेला दिसतो. कोड कंपाइल झाला म्हणजे पोर्ट झालं, नव्या प्रणालीवर नेऊन झालं, असं समजणाऱ्यांची इथे फसगत होते.

या कामाला लागायचं काय? तर ते यंत्र. एचपी किंवा आयबीएमचा महागडा सर्व्हर हौसेखातर कुणी घरात ठेवत नाही. म्हणून पोर्ट करणारे बहुतेक विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत नोकरीला असलेले लोक. पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक एबेल यांनी कोणत्या प्रोसेसने कोणती फाइल उघडली आहे ते सांगणारं ‘एलएसओएफ’ अनेक युनिक्सांवर वर्षानुवर्षं जवळजवळ एकहाती चालतं ठेवलं. प्रत्येक नव्या आवृत्तीला कर्नलच्या आतली मांडणी बदलायची आणि ते पुन्हा दुरुस्तीला बसायचे. इतक्या चिकाटीच्या माणसाचं नाव त्याचं सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्यांनाही माहीत नसतं.

आपल्याकडे यंत्रं मोजकी आणि तार अरुंद. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेतून अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची परदेशी जोडणी ऐंशीच्या दशकाअखेर सुरू झाली ती सेकंदाला ९६०० बिटांची. अख्खी लाइन एकट्याला मिळाली तरी एक एमबी उतरवायला अठरा-वीस मिनिटं, आणि लाइन कधीच एकट्याची नसे. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला. तेव्हा परदेशातून कोड आणून इथे चालवणं हेच मोठं काम होतं. इथे केलेली दुरुस्ती मूळ लेखकाकडे परत पाठवणं ही पुढची पायरी, आणि ती फार थोड्यांनी चढली.

गणेशखिंडीत मात्र यंत्रं होती. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली सीडॅक उभी राहिली, विजय भटकर तिचे संस्थापक संचालक. अमेरिकेने क्रे महासंगणक देताना घातलेले अडथळे आणि त्यातून १९९१ साली निघालेला परम ८००० ही गोष्ट मराठी वाचकांनी अनेकदा वाचली आहे. ती पुन्हा सांगत नाही. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं एवढंच की परम ८००० ट्रान्सप्युटर नावाच्या खास चिपांचा बनला होता, त्याची व्यवस्था पाहणारं सॉफ्टवेअरही सीडॅकने स्वतः घडवलेलं. टॉपसारखं काही तिथे उचलून बसवायचा प्रश्नच नव्हता. सात वर्षांनी, १९९८ साली, परम १०००० आला तेव्हा दिशा पार बदलली होती. बाजारात मिळणारी सनची अल्ट्रास्पार्क यंत्रं, त्यांवर सोलारिस, आणि त्यांना जोडणारं वेगवान जाळं. गाठायचा आकडा १०० गिगाफ्लॉप. खास यंत्र बनवण्यापेक्षा साधी यंत्रं एकत्र जुंपायची, हा विचार तेव्हा जगभर जोर धरत होता आणि सीडॅकने तो वेळेत ओळखला.

पण जुंपलेल्या यंत्रांत एक दोष असतो. ती एकाच गणितावर काम करत असतील तर सगळ्यांत हळू यंत्राचा वेग तोच सगळ्यांचा वेग. एका नोडची, म्हणजे जुंपलेल्यांपैकी एका यंत्राची, मेमरी भरली, तो डिस्कवर लिहू लागला, की उरलेले सगळे त्याची वाट पाहत बसणार. त्यात तो नोड ‘बंद’ नसतो, म्हणून कुणाला काही कळतही नाही. ऑपरेटरने एकेका यंत्रात लॉगइन करून टॉप चालवून पाहायचं म्हटलं तर शेवटच्या यंत्रापर्यंत पोचेतो पहिल्याची हालत बदललेली.

यावर सीडॅकमध्ये जे लिहिलं गेलं त्याचं नाव पार्मॉन. बंगळूर केंद्रातले राजकुमार बुय्या आणि त्यांचे सहकारी यांचं हे काम. हेच बुय्या पुढे ऑस्ट्रेलियात गेले आणि क्लस्टर, ग्रिड, क्लाउड या विषयांतलं जगन्मान्य नाव झाले. पार्मॉनची रचना आजही शिकण्यासारखी आहे. त्याचे दोन भाग. प्रत्येक नोडवर सी भाषेत लिहिलेला, अनेक थ्रेडचा एक छोटा सर्व्हर. तो त्या यंत्राच्या कर्नलशी त्याच्या बोलीत बोलणार. आणि ऑपरेटरच्या टेबलावर जावात लिहिलेला क्लायंट; तो सगळ्या नोडांचे आकडे एका खिडकीत मांडणार. एकेका सीपीयूपासून सबंध यंत्रसमूहापर्यंत हव्या त्या पातळीवर पाहायची सोय. जावा तेव्हा जेमतेम तीन वर्षांची भाषा, हळू म्हणून कुचेष्टा व्हायची. पण खिडकी सनच्या वर्कस्टेशनवर उघडा की विंडोजच्या पीसीवर, कोड तोच. म्हणजे बदलणारा भाग नोडवर, न बदलणारा भाग टेबलावर. लफेव्हरने एका प्रोग्रॅमच्या आत केलेली फाळणी इथे जाळ्याच्या दोन टोकांना झाली.

४८ अल्ट्रा-४ यंत्रांच्या परमवर पार्मॉन वापरलं गेलं, पुढे लिनक्ससाठीही ते आलं, आणि २००० साली त्यावरचा शोधनिबंध ‘सॉफ्टवेअर: प्रॅक्टिस अँड एक्स्पीरियन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शीर्षकातच ‘पोर्टेबल’ हा शब्द होता. त्याच सुमारास सोलारिस ७ आलं, ६४ बिटांचं. जुन्या ३२ बिटी टॉपला नव्या कर्नलची मेमरी वाचता येईना. प्रत्येक यंत्रावर दोन-दोन प्रती ठेवायची पाळी आली. अशा काळात पोर्टेबल म्हणवून घेणं धाडसाचंच होतं.

हाच प्रश्न तेव्हा जगात इतर ठिकाणीही सुटत होता, आणि प्रत्येकाची तऱ्हा न्यारी. माँट्रियलच्या शॉन मॅग्वायरने ‘बिग ब्रदर’ लिहिलं: यंत्रांच्या नावांचा तक्ता आणि त्यात हिरवे, पिवळे, लाल ठिपके. अँडनच तो! त्याच्याच पठडीत डेन्मार्कच्या हेन्रिक स्टोर्नर याने पुढे ‘हॉबिट’ लिहिलं, जे आता ‘झायमॉन’ म्हणून ओळखलं जातं. त्याचा क्लायंट मुद्दाम अडाणी ठेवलेला. तो यंत्रावर डीएफ, पीएस, व्हीएमस्टॅट हे नेहमीचे हुकूम चालवतो आणि जे काही छापलं जाईल ते जसंच्या तसं सर्व्हरकडे पाठवतो. एआयएक्सचं व्हीएमस्टॅट कसं वाचायचं, सोलारिसचं कसं, ही अक्कल सगळी सर्व्हरकडे. शंभर यंत्रांवर कंपाइल करत बसण्यापेक्षा एका जागी डोकं चालवावं, हा हिशेब.

एथन गॅलस्टॅड याचं ‘नेटसेंट’ १९९९चं, २००२ साली त्याचं ‘नागिऑस’ झालं. त्याची युक्ती तर याहून साधी. तपासणी करणारा छोटा प्रोग्रॅम कुणीही, कोणत्याही भाषेत लिहावा. संपताना त्याने फक्त एक अंक परत द्यावा. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे कळत नाही. प्रोग्रॅम संपताना अंक परत देतो ही सवय सगळ्या युनिक्सांत पहिल्या दिवसापासून सारखी होती. जे एकमेव दार सगळ्या घरांना एकसारखं होतं, नेमकं तेच त्याने वापरलं. पोर्टिंगच्या इतिहासात इतक्या कमी श्रमात इतकं मिळवलेलं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आणि ‘गँग्लिया’. बर्कलीत मॅट मॅसी याने ते यंत्रसमूहांसाठीच लिहिलं. प्रत्येक नोड आपली हालत सगळ्या शेजाऱ्यांना एकदम सांगत राहतो, त्यामुळे कुणा एकाला विचारलं तरी पूर्ण समूहाचं उत्तर मिळतं. आकडे पाठवायचे ते सनच्या एक्सडीआर पद्धतीने, म्हणजे बाइट उलटे मांडणारी इंटेलची यंत्रं आणि सुलटे मांडणारी स्पार्क यंत्रं यांच्यात घोळ होत नाही. लिनक्स, सोलारिस, एआयएक्स, एचपी-यूएक्स, आयरिक्स, फ्रीबीएसडी अशा प्रत्येकासाठी वेगळी मापनाची फाइल, पुन्हा लफेव्हरचीच वाट. गँग्लियाचा पोर्ट क्रमांक ८६४९ आहे. जुन्या फोनच्या बटणांवर ८, ६, ४, ९ दाबताना त्यांवरची यू, एन, आय, एक्स ही अक्षरं पाहा, म्हणजे लिहिणाऱ्याचा मिश्कीलपणा कळेल.

२००३ साली सीडॅकचा परम पद्म जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत १७१व्या क्रमांकावर आला. तो बसवला होता बंगळूरला आणि त्यात आयबीएमचे पॉवर४ प्रोसेसर होते. प्रणाली अर्थातच एआयएक्स. म्हणजे पाच वर्षांत एका संस्थेने सोलारिसवरून एआयएक्सवर उडी मारली, आणि शेजारी लिनक्सचे समूह वाढतच होते. त्यातच गरुड ग्रिड आला. पुणे, मुंबईसह १७ शहरांतल्या ४५ संस्थांची यंत्रं एका जाळ्यात जोडायची. आता एकाच खोलीतल्या एकजात यंत्रांवर लक्ष ठेवण्याचा प्रश्न राहिला नाही. एआयएक्स, सोलारिस, लिनक्स अशी सरमिसळ, प्रत्येक संस्थेचा वेगळा ॲडमिनिस्ट्रेटर आणि वेगळे नियम. त्यावर देखरेखीसाठी सीडॅकने जे साधन केलं त्याला नाव दिलं ‘पर्यवेक्षणम्’. सरकारी संस्कृताची मी एरवी थट्टा करतो, पण हे नाव कामाला शोभणारं होतं.

पुढचा भाग भराभर सांगता येतो, कारण गुंता आपोआप सुटत गेला. २००७ साली टाटांच्या पुण्यातल्या सीआरएल कंपनीचा ‘एका’ हा महासंगणक जगात चौथा आला. २००८ अखेर पुण्यातच परम युवा आला. दोन्ही इंटेलच्या प्रोसेसरांवर, दोन्हीकडे लिनक्स. महागडे युनिक्स एकेक करून मागे पडले; कुणी हरवलं म्हणून नव्हे, तर फुकट आणि उघडं लिनक्स कुठल्याही लोखंडावर चालत होतं म्हणून. नोव्हेंबर २०१७पासून पाचशेच्या यादीतली पाचशेही यंत्रं लिनक्सवर आहेत. पाच दारं आणि पाच किल्ल्यांचं प्रकरण तिथे संपलं. गँग्लियातल्या आयरिक्सच्या फाइलीकडे आता कोण पाहणार?

खोडदची कथा मात्र इथे संपत नाही, उलट तिथे ती रंगात येते. सीडॅकपासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्याच गणेशखिंडीच्या आवारात, एनसीआरए ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ खगोलशास्त्राची शाखा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तिने खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या केल्या. चौदा मध्यभागी, सोळा वाय आकाराच्या तीन बाहूंवर, टोकापासून टोकापर्यंत पंचवीसेक किलोमीटर. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, ताणलेल्या तारेच्या जाळीचा. त्यामुळे ती हलकी आणि स्वस्त झाली. पण वारा आला की जपावं लागतं. ताशी चाळीसेक किलोमीटरच्या पुढे वारा गेला की तबकड्या आकाशाकडे तोंड करून, ब्रेक लावून ठेवायच्या. तीस तबकड्यांचे मोटर, ब्रेक, कोन, रिसीव्हरचं तापमान, वाऱ्याचा वेग, हे सगळं एका नियंत्रण कक्षात सतत दिसलं पाहिजे. इथे देखरेख चुकली तर नुसती प्रोसेस अडकत नाही, लोखंड वाकतं.

आरंभी ही व्यवस्था घरची होती. प्रत्येक अँटेनाच्या पायथ्याला एक छोटा संगणक, त्याच्या हाताखाली आणखी छोटी नियंत्रण कार्डं, ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीशी संवाद आणि तिथे ‘ऑनलाइन’ नावाचा प्रोग्रॅम. त्यात एक अडचण दुसऱ्या कुठल्याही संगणक केंद्राला नसते अशी. दुर्बीण ऐकते रेडिओ लहरी, आणि प्रत्येक डिजिटल उपकरण स्वतःच रेडिओ लहरी सांडत असतं. म्हणजे राखणदारच गोंगाट करणार! त्यामुळे इथली इलेक्ट्रॉनिक्स धातूच्या बंदिस्त कपाटांत कोंडावी लागते आणि ‘आणखी एक सेन्सर लावू’ हे वाक्य सहज उच्चारता येत नाही.

दुर्बिणीच्या सुधारित अवतारासाठी, म्हणजे यूजीएमआरटीसाठी, नव्या नियंत्रण प्रणालीचा विचार झाला तेव्हा एनसीआरएने घरचं पुन्हा नव्याने लिहिण्याऐवजी ‘टँगो’ ही ओपन सोर्स चौकट घेतली. तिचं मूळ फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉन प्रयोगशाळेत. तिथे आधी ‘टाको’ होतं, एचपी-यूएक्स, सोलारिस, लिनक्स आणि ओएस-९ अशा पंचमेळ यंत्रांवर चालणारं. त्याचा पुढचा अवतार टँगो. यात मोटर असो वा रिसीव्हर, प्रत्येक उपकरण म्हणजे एक ‘डिव्हाइस’. त्याला आपले हुकूम, आपली मापं आणि एक अवस्था असते. अवस्था कोणत्या असू शकतात तेही ठरलेलं, एकूण १४. चालू, बंद, हलतंय, बिघाड, धोका, माहीत नाही वगैरे. खालचं यंत्र, प्रणाली, भाषा काहीही असो, वरच्या माणसाला हीच चौदा उत्तरं. युनिक्सांनी जे आपसांत कधी ठरवलं नाही ते इथे उपकरणांच्या पातळीवर ठरलं.

हे काम टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधकांच्या साथीने झालं. त्याचा उपयोग खोडदपुरता राहिला नाही. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए या महादुर्बिणीच्या आराखड्यात ‘टेलिस्कोप मॅनेजर’ या भागाचं नेतृत्व एनसीआरएकडे होतं. मार्च २०१५मध्ये इटलीतल्या ट्रिएस्टला झालेल्या बैठकीत एसकेएने टँगो निवडलं. भारताने २०२४च्या सुरुवातीला या प्रकल्पातल्या १,२५० कोटी रुपयांच्या सहभागाला मंजुरी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात देशाला अर्पण झालेल्या, सीडॅकने घडवलेल्या तीन परम रुद्र यंत्रांपैकी एक जीएमआरटीच्या वाट्याला आलं. गणेशखिंडीतल्या दोन शेजारी संस्थांचे धागे असे एकत्र आले.

माझं मत स्पष्टच सांगतो. पार्मॉन आणि पर्यवेक्षणम् या दोन्हींमागची बुद्धी गँग्लियापेक्षा कमी नव्हती. तरी जगभर पसरलं ते गँग्लिया, कारण त्याचा कोड रस्त्यावर ठेवलेला होता. ज्याच्याकडे आयरिक्स होतं त्याने आयरिक्सची फाइल लिहिली, ज्याच्याकडे एआयएक्स होतं त्याने एआयएक्सची. एका संस्थेच्या पगारी लोकांनी कितीही मेहनत केली तरी त्यांच्याकडे असतील तेवढ्याच यंत्रांवर ते साधन जाणार. सीडॅकने सोलारिस, एआयएक्स, लिनक्स तिन्ही हाताळली, हा अनुभव फार थोड्या संस्थांजवळ होता. त्याचं जगाला जे देणं व्हायला हवं होतं ते अर्धवट राहिलं. टँगोच्या बाबतीत खोडदने ही चूक टाळली. तिने दुसऱ्यांचं घेतलं, वापरलं आणि पुढच्या दुर्बिणीपर्यंत पोचवलं.

आणखी एक खंत आहे. पार्मॉनबद्दल आज लिहिता येतं ते त्यावर निबंध छापला गेला म्हणून. नव्वदच्या दशकात राज्यभरच्या कारखान्यांत, बँकांत, विद्यापीठांत एससीओ आणि एचपी-यूएक्सचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी रात्रपाळीत लिहिलेल्या शेल स्क्रिप्ट कुठेच नोंदलेल्या नाहीत. डिस्क भरली की ऑपरेटरच्या टर्मिनलवर घंटा वाजवणारं चार ओळींचं काही, ठरल्या वेळी हुकूम चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टाकलेलं. ती माणसं आता निवृत्त होत आहेत, टेपा बुरशी धरत आहेत. वाळूजमधल्या, चिकलठाण्यातल्या, पिंपरी-चिंचवडमधल्या अशा प्रत्येकाला विनंती आहे: कपाटातली ती फ्लॉपी, तो डॉट मॅट्रिक्सचा कागद फेकू नका. कोणतं यंत्र होतं, कोणती प्रणाली, काय मोडायचं आणि तुम्ही काय लिहून ते सावरलंत, एवढं चार पानं मराठीत लिहून काढा आणि कोडसकट कुणालाही घेता येईल अशा परवान्याखाली इंटरनेटवर ठेवा.